एदेल्मिराचा कोपरा

"प्रत्येक बाजूला बोलायला एकच मिनिट," हातात घड्याळ धरलेला माणूस म्हणाला. एदेल्मिराने माइक घेतला.

आमच्या नेवाडात अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार निवडायचा तर चिठ्ठी टाकून सुटका नसते. हॉलमध्ये जमायचं आणि ज्याला मत द्यायचं त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, सगळ्यांच्या देखत. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही दीडेकशे जण आमच्याच हॉटेलच्या बॉलरूममध्ये गणवेशातच उभे होतो. खोल्या आवरणाऱ्या आम्ही बायका, भांडी घासणारे, आचारी, ओझी उचलणारे. स्टेजकडचा कोपरा व्हिटलॉकचा, दाराकडचा युनियनच्या पसंतीच्या उमेदवाराचा.

व्हिटलॉकचं म्हणणं, मी निवडून आलो की देशातल्या प्रत्येकाला सरकारी विमा, नोकरी असो वा नसो. म्हणजे आमचा युनियनचा विमा गेला, असं युनियनने पत्रकं वाटून सांगितलं होतं. महिनाभर तळघरातल्या कँटीनमध्ये दुसरा विषय नव्हता. मेजवान्यांच्या खुर्च्या मांडणारा क्लेव्हन व्हिटलॉकचा पक्का माणूस. तो मला म्हणायचा, बाकीचे उमेदवार येतात, मेक्सिकनांच्या टेबलावर टॅको खातात, तुम्हा फिलिपिनोंबरोबर नाचतात, आम्हा काळ्यांच्या चर्चमध्ये डोळे मिटून बसतात. हा एकच असा आहे की सगळ्यांपुढे तेच भाषण करतो, कारण पाठ सगळ्यांची सारखीच दुखते. मला त्याचं पटायचं. पण एदेल्मिरा आमची युनियनची प्रतिनिधी, आणि तिच्यासमोर तोंड उघडायची माझी छाती नव्हती.

"तो विमा आभाळातून पडला नाही, क्लेव्हन," ती म्हणायची. "संपात चौदा महिने पाटी घेऊन चाललेय मी या रस्त्यावर. पायाची नखं गळून पडली. आता हा म्हणतो, ते सोडा, मी याहून चांगलं देतो. आधी दे म्हणावं, मग सोडते."

"आणि ज्यांना पाटी घेऊन चालायलाही कुणी बोलावलं नाही, त्यांचं काय?"

यावर एदेल्मिरा ताटात बघून जेवायला लागायची. लोकांना वाटायचं, क्लेव्हनने तिला गप्प केलं. खरं कारण एकट्या मला ठाऊक होतं.

तिची धाकटी बहीण नोएमी. एल साल्व्हादोरहून उशिरा आलेली, कागदपत्रं नाहीत, हायवेवरच्या मोटेलांत रोजावर खोल्या झाडणारी. युनियन नाही, विमा नाही. ऑगस्टमध्ये तिच्या छातीत गाठ लागली. दोघींचा चेहरा अगदी एका साच्यातला, म्हणून एदेल्मिराने स्वतःचं कार्ड तिच्या हातात दिलं, जन्मतारीख पाठ करून घेतली आणि तिला आपल्या नावाने युनियनच्या दवाखान्यात पाठवलं. गाडी मी चालवली, तेव्हा त्या पापात माझाही वाटा आहे. डॉक्टर चांगले. कसून तपासलं, कॅन्सर निघाला. ऑपरेशनची तारीखसुद्धा पडली, एदेल्मिराच्या नावाने.

तेव्हा कुठे आमचे डोळे उघडले. कागदावर छाती कापलेली बाई दुसऱ्या आठवड्यात गाद्या उचलायला कशी येणार? पकडली गेली तर कार्ड जाणार, नोकरी जाणार, आणि एदेल्मिराच्या नवऱ्याचं, विल्फ्रेडोचं, रक्त आठवड्यातून तीनदा मशीनवर साफ होतं, तेही त्याच कार्डावर. तारीख रद्द केली. कपाळावर हात मारून घ्यावा असा प्रकार. जिला रोग नाही तिच्या नावावर सगळे उपचार तयार, आणि जिला आहे ती धर्मादाय इस्पितळाच्या यादीत एकशे चाळिसावी. फेब्रुवारी उजाडेपर्यंत नोएमीचा डावा हात खांद्याच्या वर जाईना.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होते. नोएमी एका हाताने पुपुसा, त्यांच्याकडची मक्याची भरली भाकरी, थापत होती. थापता थापता एदेल्मिराला म्हणाली, "मला मत नाही, तुला आहे. माझ्यासाठी त्याच्या कोपऱ्यात उभी राहशील?"

"तो निवडून आला तरी कायदा व्हायला चार वर्षं जातील, नोएमी."

"ठाऊक आहे. चार वर्षं कोण मागतंय? शनिवारची पंधरा मिनिटं मागतेय."

एदेल्मिराने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तव्यावरची पुपुसा उलटली.

आणि आता माइक तिच्या हातात होता. मला वेडीला वाटत होतं, ती सगळ्यांसमोर बाजू बदलेल. तसं काही झालं नाही. ती संपाबद्दल बोलली, उन्हाबद्दल बोलली. त्या विम्यावर या हॉलमधली किती बाळं जन्मली, किती जणांना चष्मे मिळाले, ते बोलली. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता, हेच तर वाईट. मिनिट संपायच्या आत ती थांबली. टाळ्या पडल्या. अजून कुठल्याच कोपऱ्यात न गेलेल्या इथिओपियाच्या मुली तिच्याकडे निघाल्या आणि त्यांच्या मागून आणखी काही जण.

मला संताप आला. एकोणीस वर्षं मी त्या बाईच्या मागे उभी राहिले होते. ती संपावर गेली, मी गेले. तिने सही केली, मी केली. त्या दिवशी मात्र सगळ्यांच्या देखत गालिचा ओलांडून मी स्टेजकडे गेले. क्लेव्हन बाजूला सरकला आणि त्याने मला जागा दिली. समोरून एदेल्मिरा बघत होती. तिने मान खाली घातली नाही, मीही घातली नाही.

मोजणी झाली. आम्ही सत्तावीस मतांनी हरलो.

सुट्टी संपली. नोकरांच्या लिफ्टमध्ये आम्ही दोघी आणि आमचे दोन गाडे. मी मनात चांगलं तिखट वाक्य तयार केलं होतं. पण आधी तीच बोलली.

"माझ्याच्याने झालं नाही गं, लिगाया. सगळ्या युनियनसमोर मी उलटले असते तर उद्या माझ्यामागे कोण उभं राहिलं असतं? विल्फ्रेडोचा मशीनवरचा मंगळवार चुकवून चालत नाही."

ते तिखट वाक्य मी सोडून दिलं.

"नोएमीला काय सांगशील?" मी विचारलं.

"उभी होते म्हणून सांगेन." भिंतीकडे तोंड करून ती नाक पुसत होती. "तू होतीस ना तिथे. माझ्या नावाने उभी होतीस, असं समज."

मी हो म्हटलं. एकविसाव्या मजल्यावर दार उघडलं. तिच्या सहा खोल्या राहिल्या होत्या, माझ्या चार. तिच्यातल्या दोन मी घेतल्या.