भार वाहणारी सळई

फडक्याचा धागा सळईला अडकला. शिडीवर उभ्या मिस्त्रीने त्या जागी बोट फिरवलं. सळई आरशासारखी चकचकीत होती, गंजाचा ठिपकाही नव्हता. पण वरच्या हुकाजवळ नखाला केसाएवढी चीर लागली. शेजारच्या सळईलाही तीच. तिसरीलाही.

तरणतलावावरचं, या सळयांना टांगलेलं छत त्यानेच उमेदीच्या काळात बसवलं होतं. न गंजणारं पोलाद, म्हणून दरवर्षी सळया घासूनपुसून लख्ख करायच्या. चमकतात म्हणजे धडधाकट आहेत, हा त्याचा हिशेब. त्याच गठ्ठ्यातली एक उरलेली सळई तलावाच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून पडली होती. खाली उतरून त्याने ती उजेडात नेली. धुळीने माखलेली, पण चीर कुठेच नाही.

"तोंड का उतरलंय रे?" तिकीटखिडकीतून त्याच्या थोरल्या बहिणीने विचारलं. आई गेल्यावर त्याला लहानाचं मोठं केलं ते तिनेच, याच खिडकीत बसून.

"ताई, सळया तडकल्यात. माल एक, हवा एक. भार नव्हता ती तेवढी शाबूत."

"म्हणजे वजनानं तडकल्या?"

"नुसत्या वजनानं नाही गं. पोलादावर सायीसारखा पातळ थर असतो. सारखी ओढ बसली की तो फाटतो, तिथून क्लोरीनची हवा आत शिरते नि आतल्या आत खात जाते. वरून चकाकी तशीच."

कंबरेवर हात दाबून ताईने बसायची बाजू बदलली.

सळयांचं कानावर जाताच तलावाचा मॅनेजर धावतच आला. "उद्या पोरांच्या शर्यती आहेत, मिस्त्री! इतकी वर्षं टिकलं, एक दिवस नाही टिकणार? आणि छत तुम्हीच टांगलंय. बोंब तुमच्याच नावानं होईल."

"होऊ दे. खाली पोरं नकोत."

"ताई, तुम्ही तरी समजवा भावाला."

"समजावते की," ताई म्हणाली. "अरे, आधी दाराला कुलूप लाव."

मॅनेजरने कपाळावर हात मारला. मग वर एकदा पाहिलं आणि पालकांना कळवायला फोन काढला.

दुसऱ्या दिवशी शर्यतीच्या वेळेला तलाव रिकामा होता. परांचीवर चढून मिस्त्री छताचे तक्ते एकेक सोडवत होता. स्वतःच्या हाताने आवळलेले बोल्ट सैल करताना तो कुणाकडे पाहत नव्हता. भार उतरलेल्या सळया हलक्याच डुलत होत्या, अजूनही तशाच चकचकीत.

खिडकीशी आलेल्या शेवटच्या पालकालाही ताईने समजावून परत पाठवलं.

"ताई, तू जा की घरी!"

"जाते. तुझं होऊ दे."

थोड्या वेळाने त्याने सहज खाली पाहिलं. खिडकीची काच बंद होती. काचेमागे ताई खुर्चीत पाठ टेकून, डोळे मिटून बसली होती. तिथे तिला पाठ टेकलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

पुढचा तक्ता त्याने अलगद, आवाज न करता खाली ठेवला.