हसली की मी सुटतो

मी गाबा बोलतोय. नाव विचित्र वाटेल, पण मी तुमच्याही डोक्यात आहे, अगदी आत्ता, हे वाचत असतानाही. मेंदूतलं एक रसायन आहे मी. मेंदूत हजार खटपटी चालू असतात, त्यात माझं काम एकच, थांबवणं. एखादी पेशी फार उतावीळ झाली की मी तिला गप्प करतो. मी नसतो तर तुम्हाला कधी झटके आले असते ते तुम्हालाही कळलं नसतं. तेव्हा मला जरा मान द्या.

माझा जन्मही गमतीचा. मेंदूला चेतवणारं ग्लुटामेट नावाचं एक रसायन असतं. त्याचा एक तुकडा काढून टाकला की मी तयार होतो. जागवणाऱ्याच्या पोटी शांत करणारा निपजला, असं समजा. बापलेकांचं पटत नाही, पण एकाच घरात राहतो.

माझं घर म्हणजे बबिताचं डोकं. धर्मापुरीच्या माळाकडेला धनगरांची चार-सहा घरं आहेत, त्यातल्या म्हाळू धनगराची ही एकुलती एक लेक. वय वीस. आई लहानपणीच गेली, भामाबाई आत्याने वाढवली. चाळीस मेंढ्यांपैकी प्रत्येकीला ती पाठमोरी ओळखते.

झोपेतलं माझं एक काम तुम्हाला ठाऊक नसेल. माणूस स्वप्न बघत असतो तेव्हा मी आणि ग्लायसिन नावाचा माझा भाऊबंद, दोघं मिळून त्याचे हातपाय बांधून ठेवतो. नाहीतर स्वप्नात पळणारा माणूस खरोखरच अंथरुणातून उठून विहिरीत गेला असता. मेंदू जिथे पाठीच्या कण्यात उतरतो तिथे आम्ही हे काम करतो. सगळं अंग ढिलं पडतं. फक्त श्वास आणि डोळ्यांची बुबुळं आम्ही मोकळी सोडतो.

पण हे कधी करायचं, कधी नाही, ते मी ठरवत नाही. त्यासाठी एक मुकादम असतो, ओरेक्झिन. मेंदूच्या खालच्या अंगाला त्याच्या थोड्याशा पेशी असतात. जागेपण आणि झोप यांच्यात तो बांध घालून ठेवतो. बबिता पंधराची असताना तिला मोठा ताप आला. तो उतरल्यावर तिच्या रक्तातल्या राखणदारांची काहीतरी चूक झाली असावी, त्यांनी त्या मुकादमाच्याच पेशी शत्रू समजून मारल्या. हळूहळू त्याच्या हाका कमी झाल्या. मग एक दिवस आल्याच नाहीत. माजलगावच्या धरणात गेलेल्या गावाकडून कुणी हाक देत नाही, तसं झालं. त्या शांततेची मला अजून भीती वाटते.

तेव्हापासून सगळं चुकायला लागलं. भर दुपारी मेंढ्या राखताना बबिता उभ्या उभ्या झोपायची. पाय चालत राहायचे, ती मात्र नसायची. मेंढ्या कुणाच्या तरी उसात शिरायच्या आणि लोक तिला आळशी म्हणायचे. बाभळीखाली जरा टेकली की डोळे उघडे असतानाच स्वप्न सुरू व्हायचं. काळी घोंगडी तोंडावर ओढलेला कुणीतरी यायचा आणि तिच्या पायाशी बसायचा. मेंढ्या त्याच्या अंगातून चरत पलीकडे जायच्या. तो नुसता तिच्या श्वासाबरोबर श्वास घ्यायचा. तिला ओरडायचं असायचं, आणि मी तिला बांधून ठेवलेलं असायचं. मी त्याला हाकलू शकत नव्हतो. मला तर कुणी सांगितलंच नव्हतं की ती जागी आहे.

सगळ्यांत वाईट म्हणजे हसू. बबिताला खळखळून हसू आलं की मेंदूला वाटायचं, स्वप्न लागलं, आणि मी सुटायचो. आधी हनुवटी लोंबायची, मग गुडघे जायचे, मग ती जमिनीवर. मिनिटभरात उठायची. हळूहळू तिने हसणंच टाकलं. कुणी गंमत सांगायला लागलं की ती उठून जायची. माणसं म्हणायची, पोरगी घमेंडी झाली.

मग गेल्या वर्षीचा लोकर कातरणीचा दिवस आला. सकाळी अंगणात सगळे जमले होते. बबिताचा मामा सोमनाथही आला होता. मेंढ्यांच्या रोगातला तो जाणकार, चार गावं त्याला बोलावतात. एक एडका अर्धा कातरून झाला आणि निसटला. एका अंगाला लोकर, एका अंगाने उघडा, असा तो थेट भामाबाईच्या पदरात शिंगं अडकवून तिला अंगणभर फिरवायला लागला. "आरं धरा मेल्याला, माझं लुगडं जायलंय!" ती ओरडत होती. बबिताला आवरलं नाही. चार वर्षांचं साठलेलं हसू एकदम बाहेर आलं.

मी सुटलो. ती कोसळली. एरवी मी लगेच आवरतो, पण त्या दिवशी एक लाट ओसरायच्या आत दुसरी येत होती. दहा मिनिटं झाली, वीस झाली. पापण्या मिटलेल्या, हात लोंबलेले, तोंडातून लाळ. आणि आत बबिता लख्ख जागी. सगळं ऐकत होती.

सोमनाथने तिचं डोकं मांडीवर घेतलं. मान इकडे तिकडे करून पाहिली.

"दाजी, मी कवाचं सांगायलो, हे मेंढीचंच दुखणं हाय. गोल फिरून पडत्यात त्या मेंढ्या, तसंच. डोक्यात पाण्याची गाठ झालीया. कपाळावर डाग द्यावा लागंल."

"माणसाला डाग?" म्हाळू म्हणाला.

"मेंढ्या वाचल्यात ना? मंग? उशीर केला तर ही बी जाईल."

त्याच्या मनात पाप नव्हतं हो. त्याच हातांनी त्याने कितीतरी जनावरं जगवली होती. भामाबाईने रडत रडत चूल पेटवली. विळ्याचं टोक निखाऱ्यात गेलं. लोखंड तापल्याचा वास बबिताच्या नाकात आला आणि ती आतून किंचाळायला लागली. तो आवाज फक्त मी ऐकला. आता हसू संपलं होतं, भीती आली होती, पण या बिनमुकादमाच्या घरात भीतीनेही मी सुटतच होतो. जितकी ती घाबरत होती तितका मी तिला घट्ट बांधत होतो.

आणि तेव्हा म्हाळू तिच्या उशाशी बसून बोलला. मोठ्याने नाही, स्वतःशीच बोलल्यासारखा.

"चार वर्सं झाली पडायली. लगीन न्हाई, हसणं न्हाई. डागानं बरी झाली तर झाली. न्हाईतर देवानं हिला नेलेली बरी."

बबिताने ते ऐकलं. माझ्या मिठीत असताना ऐकलं. तेवढ्यापुरतं तरी तिचे कान झाकता आले असते तर, असं मला आजही वाटतं.

विळा लाल झाला. सोमनाथने विचारलं, "दाजी, डोळा बघा. कुठल्या अंगाला द्यायचा?"

हे त्यांचं ठरलेलं असतं. मेंढीच्या डोळ्यांपुढे बोट फिरवायचं. ज्या डोळ्याला दिसत नाही त्याच्या उलट्या बाजूला गाठ, तिथे डाग. म्हाळूने अंगठ्याने बबिताची डावी पापणी वर केली आणि बोट फिरवलं. बुबुळ बोटामागे गेलं. उजवी पापणी वर केली. तेही गेलं. त्याने बोट वर नेलं, बुबुळ वर. खाली नेलं, खाली. मग त्याने बोट काढून दोन्ही पापण्या वर धरल्या, तर दोन्ही बुबुळं विळ्याकडे वळली आणि तिथेच थांबली.

"सोमनाथ, थांब!" म्हाळू ओरडला. "आरं, ही जागी हाय! समदं बघायली ही!"

"असं कसं, दाजी?"

"विळा टाक म्हंतो ना!"

विळा मातीत पडला. म्हाळू तिच्या पापण्या पुन्हा वर धरून तोंडाशी वाकला. "बबे, ऐकू यायलं का? यायलं आसंल तर वर बघ."

बुबुळं वर गेली. तो ढसाढसा रडला. आणि वाचल्याचा तिला आनंद झाला, तर आनंदानेही मी सुटलो आणि आणखी पाच मिनिटं तिला उठू दिलं नाही. असा मी करंटा.

पुढचं सरळ आहे. मोठ्या दवाखान्यात डॉक्टर सुकन्या मॅडमनी तिला दिवसा झोपवून तपासलं. दोन मिनिटांत झोप, आणि झोपेत शिरताच स्वप्न. "याला नार्कोलेप्सी म्हणतात," त्या म्हाळूला म्हणाल्या. "वेड नाही, अंगात येणंही नाही." मुकादम परत येत नाही, हेही त्यांनी सांगितलं. आता एक गोळी बबिताला जागं ठेवते आणि दुसरी मला उगाच सुटू देत नाही. घोंगडीवाला अजून कधीमधी येतो, पण लांब, बांधावर बसतो. घरात नवी रीत पडली आहे. गंमत सांगायची असली की भामाबाई आधी म्हणते, "खाली बस गं, मंग सांगते."

गेल्या महिन्यात म्हाळू तिच्याजवळ येऊन बसला. बराच वेळ लोकरीचा धागा बोटाभोवती गुंडाळत राहिला.

"बबे, त्या दिसी... तुला आमचं बोलणं ऐकू येत व्हतं का गं?"

वर्षभर हा प्रश्न त्याच्या घशात होता. तिने बापाकडे पाहिलं.

"न्हाई, आबा. दिसत व्हतं नुसतं. कान बंद झालते."

"उशाशी बसलो व्हतो मी. तवा बी?"

"तवा बी न्हाई."

त्याने केवढा तरी श्वास सोडला आणि तो हसला. तीही हसली, आणि गोळीला न जुमानता मी थोडासा सुटलोच. तिची मान कलली. म्हाळूने ती अलगद आपल्या खांद्यावर घेतली.

खोटं बोलली ती. मला माहीत आहे, कारण त्या दिवशी तिच्या कानांनीच मीही ऐकत होतो. कुणी असं पडलेलं दिसलं तर त्याच्या उशाशी बोलताना जपा, एवढं माझं मागणं आहे. आणि कधी धर्मापुरीकडे आलात, म्हाळू भेटला, त्याने पाणी विचारलं, तर पाणी प्या, मेंढ्यांची चौकशी करा. पण मी तुम्हाला हे सांगितलंय ते त्याला कळू देऊ नका.