मुळ्याचा पाला

सुहासची कंपनी बंद पडली आणि बिरवाडीतल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीत सशांचं विकतचं खाणं येईनासं झालं. त्याच्या मुलीने हौसेने पाळलेले दोन ससे. त्यांच्या नावाने सुहासची आई, जानकीबाई, बाजार उठता उठता तुळसा भाजीवालीकडून मुळ्याचा टाकाऊ पाला मागून आणायची. त्यातला कोवळा पाला घरच्या भाजीला जायचा, जून सशांना. तुळसाला हे ठाऊक नव्हतं.

आज तुळसाने पिशवीत सगळी पिवळी पानं भरली.

"हिरवी नाय का गो?"

"हिरवी गाईवाल्याने नेली. थोडी हायत, ती उद्या इकीन. सशांना काय कळतंय, आजी? दोन दिस उपाशी ठेव, गोणपाट पण खातील."

शेजारची कांदेवाली हसली. जानकीबाईने पिशवी परत पुढे केली. मग म्हणाली, "आम्ही पण खातो, तुळसा. भाजी करते मी त्याची."

हे बोलताना लाज वाटेल, असं तिला इतके दिवस वाटत होतं. काहीच वाटलं नाही. तुळसाने पिशवी ओतली आणि हिरवी पानं भरली.

"आधी सांगायचं नाय का," एवढंच ती म्हणाली.

घरी आल्यावर जानकीबाईने काही निवडलं नाही. हाताला येईल तो पाला आधी सशांपुढे टाकला. माहेरी, कशेडी घाटाच्या पायथ्याला, गोठ्यात वैरण पडल्याशिवाय आई कुणाला जेवायला वाढत नसे. ससे खायला लागले, तशी तिने उरलेला पाला विळीवर घेतला.