चांदीची सटवाई

तानुबाईचा जीव सकाळपासून टांगणीला लागला होता. तहसिलीतले कारकून किसनराव उंद्रीच्या चावडीत येऊन बसले होते आणि तिच्या लेकाला, कडूबाला, त्यांनी समोर बसवून ठेवलं होतं.

उन्हाळ्यात शेतात टाकायला गावाच्या जुन्या पांढरीची, म्हणजे उजाड वस्तीच्या जागेची, माती खणताना कडूबाला चांदीच्या नाण्यांचं गाडगं लागलं. त्यानं ते इमानानं सरकारात जमा केलं. पण त्याआधीच तानुबाईनं एक नाणं कनवटीला लावलं होतं. एका बाजूला अंबाडा घातलेली बाई. दुसऱ्या बाजूला तीच, कडेवर एक आणि पायाशी दोन लेकरं घेऊन उभी. ही सटवाई नाही तर कोण? सून रुखमाची दोन बाळं पाचवीच्या आतच गेली होती, तिसरं पोटात होतं. म्हातारीनं शकूर पटव्याकडून ते काळ्या गोफात बांधवून सुनेच्या गळ्यात घातलं, आणि शहाणपण असं की पाणवठ्यावर चारजणींना सांगितलंही.

व्हायचं तेच झालं, कुणीतरी चुगली केली. नाणं मिळालं नाही तर कडूबा तुरुंगात जाईल, असं किसनरावांनी तिला साफ सांगितलं. नागपूरच्या अजबबंगल्याचं, म्हणजे तिथल्या सरकारी संग्रहालयाचं, पत्रही वाचून दाखवलं. नाणी रोमच्या बादशहांची, त्यांवरच्या बाया त्यांच्या राण्या. कुठं राणीचं शील देवीच्या रूपात कोरलेलं, कुठं माया, कुठं भरली कूस. लेकरं घेऊन उभ्या असलेल्या राणीची डझनावर बाळंतपणं झाली, त्यातली निम्म्याहून जास्त मुलं तिच्या डोळ्यांदेखत गेली.

घरी सुनेला कळा सुरू झाल्या होत्या आणि गळ्यातलं नाणं तिनं मुठीत आवळून धरलं होतं. काय सांगून सोडवावं? वाटेभर म्हातारी थापा जुळवत राहिली. रुखमाचा घामेजला चेहरा दिसला, तशी तिला एकही थाप आठवेना.

"सटवाई नाही ते, पोरी. राणी होती एक. तिचीबी लेकरं गेली."

"राणी असून?" रुखमानं विचारलं.

"हाव. राणी असून."

रुखमाची मूठ सैल झाली. बाळं गेली तेव्हा तुझंच काही चुकलं असेल असं साऱ्या गावानं, खुद्द तानुबाईनंही, तिला ऐकवलं होतं. ती आज पहिल्यांदा मोकळी रडली.

तानुबाईनं नाण्याला हळदकुंकू लावलं. चावडीत किसनराव करवादले, सरकारी वस्तूला हे काय फासलं म्हणून.

"लेकुरवाळी हाये, साहेब," ती म्हणाली. "घरून जाऊन राह्यली. तशीच कशी धाडू?"

त्यांनी कडूबाला जायची खूण केली. तानुबाईनं लेकाचा हात धरला आणि ती घराकडं पळतच सुटली.