ब्राझीलच्या चर्चवरचा कोंबडा

आखातातल्या सलमाबादच्या सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये हिल्डा मॅडम एक जुना फोटो घेऊन आल्या. जवळच जनाबियाला राहायच्या, मूळच्या ब्राझीलच्या, पण घराणं जर्मन. त्यांच्या खापरपणजोबांनी जर्मनीतून तिकडे जाऊन गावकऱ्यांसोबत एक लुथरन चर्च बांधलं होतं. त्याला आता दीडशे वर्षं होत होती आणि समारंभासाठी त्यांना त्याची लाकडी प्रतिकृती हवी होती.

काम सावंतवाडीकडच्या गुंडू मेस्त्रीकडे आलं. फोटो पाहून तो अडखळला.

"कळसार कोंबो कित्याक?"

ऑफिस सांभाळणारा डॉमनिक वसईचा कॅथलिक. चर्चच्या बाबतीत वर्कशॉपमध्ये त्याचा शब्द शेवटचा. त्याने चष्मा लावून पाहिलं.

"फोटो काढताना येऊन बसला असेल. चर्चवर क्रूसच असतो, गुंडूभाऊ. बिनधास्त लाव."

गुंडूने सागवानी क्रूस लावला.

मॅडम आल्या, खिडक्या पाहून हरखल्या, दारातून आत डोकावल्या. मग नजर वर गेली आणि त्या खुर्चीतच बसल्या.

"हे समोरच्यांचं चर्च आहे," त्या डॉमनिकला इंग्रजीत म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं, खापरपणजोबांचं चर्च बांधून झाल्यावर वर काय लावायचं यावरून गावात जुंपली होती. अर्ध्यांना जर्मनीतल्या गावासारखा कोंबडा हवा, अर्ध्यांना क्रूस. शेवटी क्रूसवाल्यांनी रस्त्यापलीकडे हुबेहूब तसंच दुसरं चर्च बांधलं. अजूनही रविवारी दोन्हीकडचे लोक एकमेकांना ऐकू जावं म्हणून स्तोत्रं बेंबीच्या देठापासून गातात.

डॉमनिकने खाली बघत हे सगळं मराठीत सांगितलं. गुंडूला फार समजवावं लागलं नाही.

"भावकी ती," तो म्हणाला. "आमच्या वाडीतय देव एक आनि पालख्यो दोन. मॅडमक सांग, कोंबो करून देतंय."

कोंबडा त्याने मन लावून कोरला, पण डोळ्यांसमोर घरचा होता, गुबगुबीत, छाती काढलेला. मॅडमना तो जरा जाड वाटला, तरी हसत घेऊन गेल्या.

ब्राझीलमधल्या समारंभानंतर त्यांचा मेसेज आला. समोरच्या चर्चचे पाद्री प्रतिकृती बघायला पहिल्यांदाच रस्ता ओलांडून आले होते. हा कोंबडा नसून कोंबडी आहे, असं त्यांनी मत दिलं. त्यावरून दोन्हीकडची म्हातारी माणसं एकाच टेबलाशी केक खात संध्याकाळपर्यंत भांडत बसली. मेस्त्रीने एकदा काय ते सांगावं, अशी सगळ्यांची मागणी होती.

"काय कळवू?" डॉमनिकने विचारलं.

"कोंबोच आसा म्हणान कळव," गुंडू म्हणाला. मग रंधा हातात घेत म्हणाला, "पन आज नको. बसांदेत थोडे."