घोंगडीच्या अस्तराचा स्पीकर

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. बेंबळीजवळच्या एका गावात, दूध सोसायटीच्या हॉलमध्ये, फळीवर बसलेला असतो. चकाकणारं माझ्यात काहीच नाही. तरी एकदा माझ्यामुळं एका बाईचे गेलेले कान परत आले, ती हकीकत ऐका.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी माझा जन्म झाला. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मच्छिंद्रनं सोलापूरच्या जुन्या बाजारातून माझा कागदी पडदा आणला, आणि माणिकप्पा सुतारांनी मोडक्या दाराच्या फळ्यांची पेटी केली. पहिल्यांदा बोललो तो रिकाम्या पिंपासारखा घुमलो. मच्छिंद्रची आई बनाबाई शेजारीच बसली होती. तिनं आपली जुनी घोंगडी फाडून दिली आणि म्हणाली, आतून अस्तर लावून बघ. ते लावलं आणि माझा शब्द न् शब्द सुटा झाला. तेव्हापासून मी तिला आईच मानतो. दुष्काळात खडी फोडणारी ही बाई पुढं एका म्हशीच्या जोरावर सोसायटीची सभासद झाली आणि कमिटीवर निवडून आली. सभेत उठून बोलणारी बाई ती एकटीच.

दहा वर्षं मी नेमानं काम केलं. सभेतलं भाषण असो की जनावरांच्या डॉक्टरांची सूचना, माझ्यातूनच सगळ्यांना ऐकू जायची. कौतुकही पुष्कळ झालं. मग पंच्याऐंशी साली सोसायटीनं रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ घेतला, आणि त्याला साजेसे स्पीकर हवेत असं चेअरमन हिंमतरावांच्या मनानं घेतलं. दुकानदारानं दोन उंच, काळे, चंदेरी पट्ट्यांचे स्पीकर पंधरा दिवस पारखायला पाठवले. गावाच्या आवडीचं एक गाणं आधी माझ्यावर वाजवलं, मग त्यांच्यावर. माझ्यावर ते नुसतं ऐकू आलं, त्यांच्यावर छातीत धडधडलं. सगळ्यांच्या माना डोलल्या आणि माझी रवानगी सरकी पेंडीच्या खोलीत झाली. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं.

पण माझ्यापेक्षा वाईट दिवस बनाबाईचे आले. शनिवारच्या सिनेमाला ती सारखी शेजारणींना विचारत राहिली, काय म्हणला तो? शेजारणी म्हणाल्या, बघ की गप. सोमवारच्या सभेतही त्या स्पीकरांतून तिला धड एक वाक्य कळेना. दोनदा विचारलं तर लोक हसले. तिची स्वतःची आई म्हातारपणी बहिरी झाली होती, आणि हळूहळू घरात कुणी तिच्याशी बोलेनासं झालं होतं. बनाबाईच्या डोळ्यांपुढं तेच दिसायला लागलं. पेंड न्यायला आली तेव्हा ती लेकाला म्हणाली, "मच्छिंद्रा, माझे कान गेले बग. बहिरी बाई कमिटीवर कशाला? माझा राजीनामा लिहून दे."

मच्छिंद्रनं कागद काढला, पण लिहिलं काहीच नाही. घरी हीच बाई चुलीपाशी बसून गोठ्यातल्या रेडकाची चाहूल ओळखत होती. मग सोसायटीत आल्यावरच तिचे कान कसे जातात? दोन दिवस तो याच विचारात होता. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पारखायला लावलेलं गाणं सगळ्यांना पाठ होतं! स्पीकर काहीही बोलला असता तरी शब्द त्यांना आपोआप ऐकू आले असते.

पंधरा दिवस संपून नवे स्पीकर ठेवायचे की नाही हे ठरवायच्या दिवशी तो छापखान्यातून परक्या गावांच्या दोन लग्नपत्रिका घेऊन आला मला परत हॉलमधल्या फळीवर ठेवलं, आणि त्याचे ओठ कुणाला दिसू नयेत म्हणून स्वतः माइक धरून पेंडीच्या खोलीत बसला. पहिली पत्रिका त्यानं नव्या स्पीकरांतून वाचली. हॉल दणाणून गेला. मग बाहेर येऊन त्यानं विचारलं, नवरदेव कोण आणि नवरी कुठली? कुणालाच सांगता येईना. हिंमतराव शेजारच्याकडं बघू लागले, शेजारचा छताकडं.

दुसरी पत्रिका माझ्यातून वाचली. माझा तर जीव टांगणीला लागला होता. वाचून झाल्यावर अगदी मागं, भिंतीला टेकून बसलेली बनाबाई म्हणाली, "नवरदेव रेवणसिद्ध. नवरी येडशीची. अक्षता दुपारी बारा पस्तीसला. मामाचं नाव बी सांगू का?"

मग तिचं तिलाच उमगलं. तिनं दोन्ही कानांना हात लावले. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू.

"हायेत की माझे कान," ती म्हणाली.

मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! हिंमतराव घसा खाकरून म्हणाले, "खरं सांगू का बनाबाई, त्या सिनेमात थोरल्या भावानं घर का सोडलं, मला बी कळलं न्हाय." मग एकेक जण कबूल होऊ लागला. कुणालाच कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीच्या टेंपोनं ते उंच पाहुणे परत गेले, आणि बनाबाई कमिटीवर राहिली.

मित्रांनो, आता मी थकलोय. मला उंदरांपासून जपा, अधूनमधून धूळ झटका. आणि मागच्या रांगेतून कुणी 'काय म्हणला?' असं विचारलं, तर हसू नका, पुन्हा सांगा. त्या हॉलमध्ये साठ माणसं बसली होती आणि एकालाही नीट ऐकू येत नव्हतं. विचारलं मात्र एकटीनंच.