खोटं पकडायचा तास

मी आयुष्यात एकदा गप्प बसलो होतो. भरल्या वर्गात, पोरांसमोर, तोंड मिटून. हे कोणी खरं मानणार नाही आणि मानावं असा माझा आग्रहही नाही. तापीच्या पुरात मगरीच्या पाठीवर बसून मी प्रकाशा गावाला उतरलो, हे आमच्या रनाळ्यातल्या निम्म्या लोकांनी मानलं. माझ्या एका शिंकेनं नंदुरबारला वाळत घातलेल्या मिरच्या उडाल्या आणि साक्रीत कुणाच्या तरी आमटीत पडल्या, हे तर साक्रीच्या माणसानंही मानलं. पण सुपडू गप्प बसला म्हटलं की लोक चहा अर्धा टाकून उठतात.

तरी सांगतो. यात माझं एकट्याचं काही नव्हतं. एका पोरीचं गाव सुटायचं की राहायचं, ते यावर ठरणार होतं.

आमच्या गल्लीतली हेमांगी वर सातपुड्यात मास्तरीण आहे. शाळा म्हणजे कुडाच्या भिंती, वर पत्रे, एक खोली. मणिबेलीच्या बाजूला धरणाचं पाणी डोंगरात शिरलंय, त्याच्या काठावरचा पाडा. जायचं तर बोटीनं. दिवाळीला घरी आली तेव्हा ती फराळाचं ताट घेऊन आमच्या ओट्यावर बसली आणि म्हणाली, "आबा, मन्हा वर्गमा कोनीच बोलस नही."

"मंग सुखी शे तू," मी म्हटलं.

ती हसली नाही. मग तिनं सगळं सांगितलं. बिचारीनं वर्गासाठी काय काय केलं होतं! भिंतीवरचे तक्ते मोठ्या माणसांच्या उंचीला होते, ते काढून पोरांच्या डोळ्यासमोर येतील असे खाली लावले. पोरांच्या रांगा मोडून गोल केला, म्हणजे मागची ओळ नावाची लपायची जागाच राहू नये. मोजायला चिंचोके, तोलायला दगडगोटे. पोरांची पावरी बोली शिकायला बायांबरोबर पाणी भरायला गेली. एवढं करून प्रश्न विचारला की सगळी पोरं तिच्या चपलांकडे बघत बसायची.

"तेस्ले उत्तर येस," ती म्हणाली. "पन चुकनं तर काय, म्हनून घाबरतस. आते मी उलटं करनार शे. उत्तर नको, खोटं पकडा. दुसऱ्याचं चुकलेलं दिसलं की माणसाला राहवत नाही, आबा. पण मीच खोटं सांगितलं तर पोरं ते वहीत उतरवून घेतात. मास्तरीण बोलली म्हणजे खरंच असणार. म्हणून मला एक खोटं बोलणारा माणूस पाहिजे."

आतून तापीबाई, म्हणजे आमची बायको, म्हणाली, "जिल्हामा दुसरा कोनी नही, बेटा. यास्ले लई जाय."

मला मान मिळाला की अपमान झाला हे कळायला वेळ लागला. तोवर हेमांगीनं अटी घातल्या. खोटं सांगायचं ते पोरांच्या रोजच्या बघण्यातलं. आणि प्रत्येक खोट्यानंतर गप्प बसायचं. "ती गप्प बसायची जागा पोरांची आहे. तुम्ही ती भरून टाकली, तर सगळं वाया गेलं."

"तुम्ही गप बसशात?" तापीबाई दारात आली. "तुमनी जीभ ते झोपमा बी चालस."

मी काही बोलणार होतो, पण हेमांगीनं रविनाचं नाव काढलं. ही रविना दुसरीतली. घरी बोलते, झाडाशी बोलते, शाळेत मात्र तिनं आजवर तोंड उघडलेलं नाही. तिचा बाप दिवाल्या ऊसतोडीला गुजरातेत जातो. त्याचं म्हणणं, पोरगी शाळेत मुकी बसणार असेल तर माझ्याबरोबर येऊ दे, तिथे धाकट्या भावाला तरी सांभाळेल. त्याची म्हातारी आई तुळशीबाई म्हणते, मी सांभाळते हिला, राहू दे शाळेत. शेवटी माय-लेकांचं ठरलं होतं: रविना शाळेत एकदा बोललेली तुळशीबाईनं स्वतःच्या कानांनी ऐकायचं. ऐकलं तर पोरगी राहील. दिवाळीनंतरच्या आठवड्यात दिवाल्याची टोळी निघणार होती.

मी पिशवी भरली.

धडगाव-मोलगीच्या बाजारात मी जन्मभर मणी आणि फण्या विकल्या, त्यामुळे डोंगरातली बोली मला बाजारापुरती येते. वर्गात मी तीच बोललो. इथे मात्र सगळ्यांना कळेल असं लिहितो.

पहिल्या दिवशी हेमांगीनं मला शाळेतल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं. पोरं गोल करून बसली. रविना दाराजवळ, गुडघ्यांत हनुवटी घालून. तुळशीबाई दाराबाहेर. मी सुरुवात केली.

"तुमच्या आजोबांची शेतं या पाण्याखाली गेली ना, तिथे मासे अजून ज्वारी करतात. एक मासा नांगर धरतो, दुसरा गोफण फिरवतो. गोफण कशाला? पाणकोंबड्या दाणे खातात म्हणून."

आणि मी गप्प बसलो. म्हणजे बसणार होतो. पण पोरं माझ्याकडे अशी शांत, आदरानं बघत होती, की मला वाटलं, गोष्ट लहान पडली. मग मी मासे बाजाराला नेले. पोरं शांत. मासे बोटीत बसवले, तिकीट काढायला लावलं. पोरं शांत. शेवटी एका माशाचं मी लग्न लावून दिलं, त्यात वरातीला बैल पोहले. एका पोरानं हळूच मान हलवली, जणू मी तलाठ्याचा दाखला वाचून दाखवतोय.

तास संपला. हेमांगी म्हणाली, "आबा, तुम्ही श्वास तरी घेतला का?"

"पोरं मानतात सगळं. मी काय करू?"

दिवाल्या बाहेर सामानाचं गाठोडं बांधत होता. तो माझ्याकडे बघून हसला. वाईट नाही, पण हसला. "परवा बोट लागेल, बाई," तो हेमांगीला म्हणाला. "तिचे कपडे धुवून ठेवतो."

हेमांगी आत गेली. मी पाहिलं, ती भिंतीकडे तोंड करून तक्ता सरळ करत होती, आणि तक्ता मुळात सरळच होता.

जेवणाच्या सुट्टीत तिनं चौथीतल्या पवनला बोलावलं. हा जरा मोठा, धीट. "खरं सांग, आबांचं तुम्हाला खरं वाटलं?"

पवननं माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "नाही, बाई."

"मग बोलला का नाहीस?"

"पाहुणा आहे ना. म्हातारा पाहुणा बोलतो तेव्हा मध्ये बोलत नाहीत. तो घरी गेला की मग हसायचं." मग म्हणाला, "आज खूप साठलंय."

हेमांगी कपाळाला हात लावून खाली बसली. सगळी तयारी केली होती तिनं. तक्ते, गोल, चिंचोके, खोटारडा माणूसही आणला. आणि त्यालाच खुर्चीवर बसवून पाहुणा करून टाकला होता.

"पाहुणा पाहुणा कधी राहत नाही?" तिनं पवनला विचारलं.

पवनला हा प्रश्न फार सोपा वाटला. "कामाला लागला की."

त्या पाड्यात एकाचं काम निघालं की सगळी घरं येतात. त्याला ते लाहा म्हणतात. कुणाचं घर शाकारायचं असो की निंदणी असो. मजुरी नाही, सगळ्यांनी मिळून राबायचं आणि एका जागी बसून जेवायचं. त्यात जो राबला तो घरचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमांगीनं शाळेचा लाहा बोलावला. जमीन उखडली होती, तिला सारवण हवंच होतं. खुर्ची बाहेर काढून कुडाला टेकवली. पोरं शेण आणायला पांगली, बाया माती कालवू लागल्या, आणि मला तिनं गुडघ्यांवर बसवलं. मी रनाळ्याचा सुपडू, घरी पाण्याचा तांब्यासुद्धा हातात घेत नाही. माझ्या सारवणाला लाटा यायला लागल्या. तुळशीबाईनं माझ्या हाताला चापट मारली आणि हात कसा फिरवायचा ते दाखवलं. पोरं फिदीफिदी हसली. पहिल्यांदा, माझ्या तोंडावर. मला इतकं बरं वाटलं, जसं काही मगरीनं ओळख दिली.

जमीन वाळेपर्यंत अंगणात सगळ्यांनी एका पंगतीत भाकरी आणि उडदाची डाळ खाल्ली. मग आत जाऊन गोल केला. यावेळी मी गोलातच होतो, पवनच्या शेजारी, धुऊनही शेणाचा वास येणाऱ्या हातांनी. हेमांगी माझ्या बरोबर समोर बसली आणि तिनं फक्त ओठांवर बोट ठेवलं. ते पोरांसाठी नव्हतं.

मी लहानच सुरू केलं. "मका जमिनीखाली लागतो. भुईमुगासारखा उपटावा लागतो."

मग मी ओठ दाबले. बाहेर कोंबडी ओरडली. माझ्या जिभेवर तीन मासे आणि एक वरात येऊन उभी होती. मी त्यांना आत ढकललं.

"वर लागतो," पवन म्हणाला.

"काय सांगतोस? मी स्वतः उपटलाय."

"मग तू मुळं खाल्ली," दुसरी एक पोरगी म्हणाली आणि वर्ग खदखदला. त्यानंतर मला वाटच बघावी लागली नाही. मी म्हटलं, खेकडा नाकासमोर सरळ चालतो. एक पोरगा उठून वर्गभर आडवा चालत गेला. मी म्हटलं, पाऊस पडायच्या आधी मुंग्या अंडी नदीत टाकतात. चार जणांनी मला चार बाजूंनी ओढलं. हेमांगी मध्ये एक शब्द बोलली नाही. फक्त कोणी खोटं पकडलं की विचारायची, "कशावरून?" आणि पोरं सांगायची कशावरून. तेवढ्यासाठीच तर हा सगळा खटाटोप होता.

रविना मात्र दाराजवळ, गुडघ्यांत हनुवटी. डोळे चमकत होते, ओठ बंद. दारात तुळशीबाई उभी होती, तिच्यामागे दिवाल्या. टोळी उद्या निघणार होती.

तेवढ्यात तुळशीबाईच्या पायांमधून एक काळी शेळी आत आली. पोरांच्या डोळ्यासमोर लावलेला तक्ता शेळीच्याही तोंडासमोरच होता. तिनं अक्षरं खायला सुरुवात केली. हेमांगी उठायला गेली, मी हात करून तिला थांबवलं.

"या जातीपासून सांभाळून राहावं," मी म्हटलं. "मोलगीच्या बाजारात अशाच एका काळ्या शेळीनं माझा कान तोंडात धरला होता. तिला वाटलं पिंपळाचं पान. मी बाजारभर पळतोय, शेळी कानाला लटकलेली. शेवटी तिला अर्धी फणी खायला घातली तेव्हा सुटली. हा बघा कान." मी डोकं वाकवून गोलातल्या सगळ्यांना कान दाखवला. लहानपणी बाभळीत पडलो होतो त्याचे वण आहेत. "ही खालच्या दातांची खूण. आणि ही वरच्या दातांची. वरचे जास्त खोल रुतले."

आणि मी गप्प बसलो.

पवननं तोंड उघडलं. हेमांगीनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो थांबला. पोरं माझ्या कानाकडे बघत होती. शेळी कागद चघळत होती. दिवाल्यानं खांदा बदलला. मला सांगावंसं वाटलं, की ती शेळी पुढे मोलगीत सरपंच झाली. फार वाटलं. घशापर्यंत आलं. मी जीभ दातांत धरली, माझ्या, आणि समोरच्या ताज्या सारवणाकडे बघत राहिलो. हेमांगीनं डोळे मिटले.

रविना उठली. तिनं शेळीच्या मानेत हात घालून तिला ओढत गोलाच्या मध्ये आणलं, माझ्या नाकासमोर. दोन बोटांनी शेळीचा वरचा ओठ उचलला. आतली गुलाबी, गुळगुळीत हिरडी मला दाखवली, मग गोलभर फिरून सगळ्यांना दाखवली, दारातल्या आजीला आणि बापालाही. आणि मग खणखणीत आवाजात म्हणाली,

"बकरीला वर पुढचे दातच नसतात. खोटं बोलतो तू, आजा."